ऑनलाइन गेममधील संक्षेप आणि बोली : इंदूरच्या नवख्या मराठी खेळाडूंसाठी टप्प्याटप्प्याने ओळख

तुम्ही नुकताच एखादा ऑनलाइन गेम सुरू केला असेल, नेम बऱ्यापैकी लागत असेल, पण पडद्याच्या कोपऱ्यात भराभर सरकणाऱ्या चॅटमध्ये काय चालले आहे हे कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. इंदूरमध्ये आपली स्थिती जरा वेगळी आहे. रामबाग, लोकमान्यनगर किंवा राजेंद्रनगर येथील घरात आपण मराठी बोलतो, जिना उतरताच हिंदी बोलतो, आणि गेममध्ये शिरल्यावर इंग्रजी संक्षेप, रोमन लिपीतील हिंदी आणि कधी कधी तिसऱ्याच देशाची भाषा एकाच चौकटीत वाचावी लागते. या बोलीचे कोणतेही पाठ्यपुस्तक नाही. ती मी खेळता खेळता, धाकट्या भावंडांना विचारून आणि अनोळखी खेळाडूंच्या वागण्यावरून समजून घेतली.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. हे शब्द आळसातून किंवा अशुद्धपणातून जन्मलेले नाहीत. खेळताना दोन्ही हात गुंतलेले असतात, टाइप करायला थांबलेला खेळाडू तेवढा वेळ निःशस्त्र असतो, आणि म्हणून दोन अक्षरांत काम भागेल तेथे तिसरे अक्षर कोणी लिहीत नाही. म्हणूनच हे शब्द अकारविल्हे पाठ करण्यात अर्थ नाही. कोणता शब्द सामन्याच्या कोणत्या क्षणी येतो हे लक्षात ठेवले, तर अर्थ आपोआप उलगडत जातो. मी हा लेख त्याच क्रमाने मांडला आहे. रोमन अक्षरे येथे त्यांच्या उच्चाराने लिहिली आहेत. चॅटमध्ये ती बहुधा छोट्या लिपीत दिसतील.

१. सुरुवातीची तयारी

फार काही लागत नाही. एक छोटी वही किंवा फोनमधील नोंदींचे ॲप, आणि न कळलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट घेण्याची सवय एवढे पुरे. त्याशिवाय गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी शोधून ठेवा: चॅटमधील अपशब्द झाकणारा फिल्टर, एखाद्या खेळाडूला म्यूट करण्याचे बटण आणि रिपोर्ट करण्याची जागा. बहुतेक गेममध्ये चॅटचे दोन मार्ग असतात, एक फक्त आपल्या संघासाठी आणि दुसरा सर्वांसाठी. आपण कोणत्या मार्गावर लिहीत आहोत हे पाठवण्यापूर्वी पाहावे, कारण ‘मी जिन्याखाली लपलो आहे’ हे वाक्य प्रतिस्पर्ध्यांनाही दिसले, तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

२. शब्द कसे घडतात ते ओळखा

घडणीच्या चार रीती कळल्या की अनोळखी शब्दाचाही अंदाज बांधता येतो. पहिली रीत आद्याक्षरांची आहे: ‘अवे फ्रॉम कीबोर्ड’ याचे ‘एएफके’ होते. दुसरी रीत स्वर गाळण्याची किंवा एका अक्षरावर भागवण्याची आहे. ‘प्लीज’मधील मधले स्वर जातात, ‘यू’ या शब्दासाठी केवळ यू हे अक्षर येते. तिसऱ्या रीतीत अक्षराच्या जागी अंक येतो. इंग्रजी ई उलटा केला की ३ दिसतो, ओ म्हणजे शून्य, ए म्हणजे ४, टी म्हणजे ७ आणि एल म्हणजे १. या लेखनपद्धतीला ‘लीट’ म्हणतात. ती १९८० च्या दशकातील बुलेटिन बोर्डांवर, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या आधीच्या संगणक-फलकांवर रुजली, आणि १३३७ हा आकडा ‘लीट’, म्हणजेच ‘निष्णात’, असा वाचला जाऊ लागला. आज ती मुख्यतः खेळाडूंच्या नावांत उरली आहे, त्यामुळे नाव वाचता आले नाही तर अंकांच्या जागी अक्षरे घालून पाहा. चौथी रीत टंकनातील चुकीची आहे: कीबोर्डवर ओ आणि पी शेजारी असल्याने ‘ओन्ड’चे ‘पोन्ड’ झाले, आणि ते तसेच मुद्दाम लिहिले जाऊ लागले. त्याचा अर्थ ‘पार धुव्वा उडवला’ असा आहे.

३. सामन्यापूर्वीचे शब्द

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. ‘एलएफजी’ म्हणजे मला गट हवा आहे, ‘एलएफएम’ म्हणजे आमच्या गटाला आणखी माणसे हवी आहेत. ‘आयजीएन’ विचारले तर गेममधील नाव सांगावे. खरे नाव, शाळा-कॉलेज किंवा वसाहत सांगण्याचे कारण नाही. ‘आयजीएल’ म्हणजे संघाला सूचना देणारा नायक. बीजीएमआय, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, हा गेम २०२१ मध्ये भारतात आला, आणि तो खेळणाऱ्यांत ‘टीपीपी’ व ‘एफपीपी’ हे शब्द सतत येतात: पहिल्यात आपला खेळाडू पाठमोरा दिसतो, दुसऱ्यात आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. ‘टीडीएम’ म्हणजे दोन संघांची छोटी चकमक, आणि नवख्याने नेम सुधारण्यासाठी तेथूनच सुरुवात करणे मला योग्य वाटते.

सामना सुरू होताना कोणी ‘जीएल एचएफ’ लिहील. ‘शुभेच्छा, मजा करा’ एवढाच त्याचा अर्थ आहे. उत्तरादाखल तेच लिहावे किंवा ‘यू टू’साठी यू आणि २ लिहावे. हा शिष्टाचार पाळणारे खेळाडू सहसा पराभवही नीट स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे.

४. सामना चालू असताना

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे शब्द म्हणजे बातमी असते, आणि बातमी चुकली की संपूर्ण संघाला फटका बसतो.

अनुपस्थितीसाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ एक नाही. ‘एएफके’ म्हणजे मी जागेवर नाही, परतण्याची वेळ निश्चित नाही. ‘बीआरबी’ म्हणजे लगेच येतो. ‘डीसी’ म्हणजे जोडणी तुटली. आई हाक मारत असेल तर ‘बीआरबी’, जेवायला बसायचे असेल तर ‘एएफके’, आणि पावसात वीज जाऊन राउटर बंद पडला असेल तर परत आल्यावर ‘डीसी’ लिहावे. आपल्याकडे अशा वेळी सहजपणे रोमन लिपीत ‘लाइट गयी’ लिहिले जाते. इंदूरच्या मित्राला ते कळते, पण सिंगापूरच्या सर्व्हरवरील जोडीदाराला प्रकाश कोठे गेला हे समजत नाही. काही गेममध्ये जागा सोडून जाणाऱ्यास दंड म्हणून पुढील सामन्यांना काही काळ मनाई होते, म्हणून न सांगता उठण्याची सवय लावून घेऊ नये.

‘लॅग’ आणि ‘पिंग’ यांतही गल्लत होते. पिंग म्हणजे आपल्या यंत्राकडून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात. लॅग म्हणजे त्या विलंबामुळे पडद्यावर जाणवणारी अडखळ. व्हॅलोरंटसारख्या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे इंदूरहून तो निवडला तर पिंग कमी राहतो. दूरचा सर्व्हर निवडला तर आकडा वाढतो आणि गोळी आधी सुटूनही नंतर लागल्यासारखी वाटते. पिंग शंभरीच्या बराच वर गेला असेल तर संघाला तो आकडाच सांगावा. याच शब्दाचा दुसरा अर्थ नकाशावर खूण करणे असाही आहे. कोणी ‘पिंग कर’ म्हटले तर जागेवर बोट ठेवून दाखवायचे आहे, इंटरनेट तपासायचे नाही.

हालचालीच्या बातम्यांत ‘ओएमडब्ल्यू’ म्हणजे निघालो आहे, ‘इंक’ म्हणजे शत्रू येत आहे, ‘रश’ म्हणजे सगळ्यांनी एकदम तुटून पडणे, आणि ‘रोटेट’ म्हणजे आहे ती जागा सोडून दुसरीकडून वळसा घेणे. ‘नॉक’ झालेला खेळाडू पडलेला असतो, मेलेला नसतो, आणि त्याला ‘रिवाइव’ करता येते. ‘फिनिश’ झाल्यावर मात्र तो सामन्यातून बाहेर जातो. जादूच्या शक्ती असलेल्या गेममध्ये ‘सीडी’ म्हणजे शक्ती पुन्हा वापरता येण्यापूर्वीचा थांबा, आणि ‘ओओएम’ म्हणजे शक्तीचा साठा संपला. ‘टँक’ मार झेलतो, ‘हीलर’ उपचार करतो, आणि ‘डीपीएस’ म्हणजे ज्याचे काम केवळ सतत घाव घालणे आहे असा खेळाडू. मुळात तो शब्द दर सेकंदाला होणाऱ्या हानीचे माप आहे.

दोन सापळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. कोणी ‘वन शॉट’ लिहिले तर शत्रूचा जीव अगदी थोडा उरला आहे असे त्याला म्हणायचे असते. चकमकीच्या आवेशात हा अंदाज बहुधा वाढवून सांगितला जातो, म्हणून त्या एका शब्दावर विसंबून उघड्यावर धावू नये. दुसरा सापळा आपल्या प्रदेशाचा आहे: इंग्रजी ‘लो’ म्हणजे कमी, आणि हिंदी ‘लो’ म्हणजे घ्या. घाईत इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर गाळले की दोन्ही रोमन लिपीत सारखे दिसतात. ‘ॲमो लो’ असा संदेश आला, तर जोडीदाराकडील गोळ्या संपत आल्या आहेत की तो तुम्हाला गोळ्या देऊ करतो आहे, हे तुमच्या साठ्याकडे आणि त्याच्या जागेकडे पाहून ठरवावे लागते.

५. रोमन लिपीतील मराठी जपून वापरा

बऱ्याच गेमच्या चॅटमध्ये देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून आपण मराठी रोमन अक्षरांत लिहितो. दोघे भाऊ किंवा दोघी मैत्रिणी एकाच संघात असतील तर यात काही अडचण नाही; उलट प्रतिस्पर्ध्यांना न कळणारी भाषा हाताशी असते, आणि घरची भाषा खेळात वापरण्याचा आनंदही मोठा असतो. अनोळखी लोकांत मात्र काही साधे शब्द घात करतात. आपले होकारार्थी ‘हो’ रोमन लिपीत लिहिले की ते इंग्रजीत स्त्रियांसाठी वापरल्या जाणाऱ्या शिवीसारखे दिसते. परदेशी खेळाडू त्याने दुखावू शकतो आणि फिल्टर ते झाकू शकतो. त्याऐवजी ‘येस’साठी केवळ वाय लिहावे किंवा ‘हा’ लिहावे. ‘हे’ हा शब्द इंग्रजीत ‘तो’ असा वाचला जातो. ‘मग’ लिहिले तर बंदुकीच्या गोळ्यांचे मॅगझिन असा अर्थ लागतो, कारण त्याचा संक्षेप त्याच तीन अक्षरांचा आहे.

हिंदी बोलणाऱ्या जोडीदाराशी आपल्या शहराची बोली अगदी चालते. ‘भिया’ हे इंदुरी संबोधन चॅटमध्ये दिसले की समोरचा राजवाड्याच्या आसपासचा असणार असा तर्क करता येतो, आणि भंवरकुआँच्या वसतिगृहांत राहणारी बाहेरगावची मुलेही ते लवकर उचलतात. वयाचा अंदाज नसेल तर ‘भिया’ किंवा ‘भाई’ने सुरुवात करावी, मुली खेळत नाहीत असे मात्र गृहीत धरू नये, आणि उत्तर आल्यावर त्याप्रमाणे ‘दीदी’ किंवा नुसते खेळातील नाव वापरावे.

आशियाई सर्व्हरवर आकड्यांचीही भाषा आहे. कोणी ५५५ लिहिले तर तो खेळाडू बहुधा थायलंडचा असतो: थाई भाषेत पाच या अंकाचा उच्चार ‘हा’ असा होतो, म्हणून ते हसणे आहे. चिनी खेळाडूंचे ६६६ हे कौतुक आहे. पाश्चात्त्य खेळाडूंना हाच आकडा सैतानाचा म्हणून माहीत असल्याने तो कोणाला पाठवतो आहोत ते पाहावे. कोरियन खेळाडूंचे ‘केकेके’ हेदेखील हसणेच आहे.

६. सामना संपल्यावर

‘जीजी’ म्हणजे चांगला खेळ झाला. शब्द छोटा आहे, पण तो कोणी आणि केव्हा लिहावा याला महत्त्व आहे. स्टारक्राफ्टसारख्या जुन्या युद्ध-गेममध्ये हरणारा खेळाडू ‘जीजी’ लिहून पराभव मान्य करतो आणि मग बाहेर पडतो. म्हणून सामना संपण्यापूर्वी जिंकणाऱ्यानेच ते लिहिणे उद्धटपणाचे मानतात. सामना पूर्ण संपेपर्यंत थांबावे, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही. त्याला जोडून ‘डब्ल्यूपी’ येते, म्हणजे तुम्ही छान खेळलात. ‘एनएस’ म्हणजे सुरेख नेम, ‘एनटी’ म्हणजे प्रयत्न चांगला होता. हे दुसरे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण हरलेल्या जोडीदाराला ते सावरते. ‘एमबी’ म्हणजे माझी चूक झाली. डेटा संपत आल्यावर आपण हीच दोन अक्षरे मेगाबाइटसाठी वापरतो, म्हणून संदर्भ पाहावा.

‘जीजी ईझेड’ मात्र लिहू नये. त्यातील दुसरा भाग ‘फारच सोपे होते’ असे सांगतो, म्हणजे तो समोरच्याचा अपमान आहे. २०१६ मध्ये आलेल्या ओव्हरवॉच या गेमच्या निर्मात्यांना याचा इतका त्रास झाला, की हे शब्द लिहिल्यावर त्यांच्या जागी गेम आपोआप भलतेच नम्र आणि गमतीदार वाक्य दाखवील अशी सोय त्यांनी केली. ‘एफ’ हे एकटे अक्षर दिसले तर ते सहानुभूतीचे आहे. २०१४ च्या कॉल ऑफ ड्यूटी मालिकेतील एका भागात अंत्यसंस्काराच्या प्रसंगी श्रद्धांजलीसाठी ते बटण दाबायला सांगितले होते, तेथून ते सर्वत्र गेले.

७. टोमणे, शिव्या आणि त्यांना उत्तर

‘न्यूबी’ म्हणजे नवखा, आणि त्यात काही कमीपणा नाही. ‘नूब’ मात्र टोमणा आहे. शिकायची इच्छा नसलेला, असा त्याचा रोख असतो. ‘बॉट’ म्हणजे संगणकाने चालवलेला खेळाडू. बीजीएमआयमध्ये सुरुवातीच्या पातळ्यांवर असे खरेखुरे बॉट भेटतात, परंतु माणसाला उद्देशून म्हटले तर तो अपमान ठरतो. ‘कॅम्पर’ एका जागी दबा धरून बसतो. ‘फीड’ करणारा वारंवार मरून शत्रूला फायदा देतो. ‘स्मर्फ’ म्हणजे वरच्या पातळीचा खेळाडू नवे खाते उघडून नवख्यांत खेळतो. तुम्ही कोवळ्या पातळीवर असताना कोणी अशक्य वाटेल असे खेळत असेल, तर लगेच फसवणुकीचा आरोप करण्यापूर्वी ही शक्यता लक्षात घ्या. सलग हरून चिडलेल्या आणि त्यामुळे आणखी वाईट खेळणाऱ्या खेळाडूला ‘टिल्ट’ झाला आहे असे म्हणतात. तो आपण असू तर सरळ खेळ थांबवून पाणी प्यावे.

या यादीतील एका संक्षेपाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ‘केवायएस’ म्हणजे समोरच्याला जीव देण्यास सांगणे. तो थट्टेतही लिहू नये. कोणी तुम्हाला लिहिला तर उत्तर न देता स्क्रीनशॉट घ्या, म्यूट करा आणि रिपोर्ट करा. वयाने लहान असाल तर दादाला, ताईला किंवा आईबाबांना दाखवा. मनावर फार ओझे झाले असेल, तर टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे निःशुल्क बोलता येते. इतर शिव्यांच्या बाबतीतही माझे मत ठाम आहे: चॅटमध्ये वाद जिंकलेला खेळाडू मी पाहिलेला नाही, म्यूटचे बटण दाबून खेळाकडे वळलेले पुष्कळ पाहिले आहेत.

८. सुधारणांच्या चर्चेतील शब्द

गेममध्ये नवा बदल आला की हे शब्द ऐकू येतात. एखादे हत्यार कमकुवत केले तर ते ‘नर्फ’ झाले, बळकट केले तर ‘बफ’ झाले. त्या काळात जी हत्यारे किंवा डावपेच सर्वाधिक परिणामकारक ठरतात त्यांना ‘मेटा’ म्हणतात. ‘आरएनजी’ म्हणजे संगणकाने यादृच्छिकपणे ठरवलेली गोष्ट, सोप्या भाषेत नशीब. ‘ओपी’चा मूळ अर्थ प्रमाणाबाहेर शक्तिमान असा आहे, आणि तक्रार म्हणून तो वापरला जातो, भारतात मात्र तो शुद्ध कौतुकाचा झाला आहे. आपल्याकडे कोणी ‘ओपी भाई’ म्हटले तर आनंद मानावा, परदेशी खेळाडूने तुमच्या हत्याराला ‘ओपी’ म्हटले तर तो कुरकुर करत असण्याची शक्यता अधिक आहे.

९. देवाणघेवाणीचे शब्द आणि फसवणूक

‘डब्ल्यूटीएस’ म्हणजे विकायचे आहे, ‘डब्ल्यूटीबी’ म्हणजे विकत घ्यायचे आहे, ‘डब्ल्यूटीटी’ म्हणजे अदलाबदल करायची आहे, आणि ‘पीएम’ किंवा ‘डीएम’ म्हणजे खासगी संदेश पाठवा. गेमच्या आतील, गेमनेच दिलेल्या बाजारात हे शब्द निर्धोक असतात. खासगी संदेशात ते आले तर सावध व्हावे. बीजीएमआयमधील ‘यूसी’ हे आभासी चलन फुकट देतो, किंवा वरच्या पातळीची ‘आयडी’ स्वस्तात विकतो असे सांगून पासवर्ड, ओटीपी किंवा आगाऊ पैसे मागितले जातात. पूर्ण खातेच विकणे-घेणे अनेक गेमच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे पैसे बुडाले तर गेमची कंपनीही मदत करीत नाही.

घरातील यूपीआय वरून पैसे गेले असतील तर लपवून ठेवू नये. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर शक्य तितक्या लवकर फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी ती थांबवण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक असते. फोनजवळ पुढील गोष्टी तयार ठेवाव्यात: व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा यूपीआय पत्ता, समोरच्या खेळाडूचे गेममधील नाव आणि आयडी, आणि चॅटचे स्क्रीनशॉट. संदेश पुसून टाकू नका; राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार भरताना तेच पुरावा म्हणून जोडायचे असतात.